फुप्फुसाची साक्ष

मराठी वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर वर्षातून अनेकदा येणारी एक बातमी आहे. तिचा साचा इतका ठरून गेला आहे की गावाचे नाव बदलले की बातमी नवी होते. नाल्यात, उकिरड्यावर, एसटी स्थानकाच्या मागे किंवा उसाच्या फडात कापडात गुंडाळलेले नवजात अर्भक मृतावस्थेत आढळले. पोलिसांनी पंचनामा केला. मृतदेह शवविच्छेदनासाठी पाठवला. अज्ञात मातेविरुद्ध गुन्हा नोंदवला. मथळ्यात ‘मातृत्वाला काळिमा’ किंवा ‘निर्दयी माता’. बातमी छापली जाते तेव्हा शवविच्छेदन बहुधा व्हायचे असते. मूल जिवंत जन्मले की मृत, पूर्ण दिवसांचे की अपुरे, कोणी मारले की आपोआप गेले, यातले काहीच तेव्हा ठाऊक नसते. आरोपी मात्र ठरलेली असते. तिचे नाव तेवढे कळायचे असते.

या साच्याला उत्तर देणारे मराठीतले पहिले मोठे पुस्तक १८८२ साली निघाले. ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ या निबंधाबद्दल गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ लिहिले गेले. स्त्रीवादाचा आद्य दस्तऐवज, सत्यशोधक घरातल्या लेकीचा संताप, बोली मराठीचा झणझणीत नमुना, अशा अनेक अंगांनी तो वाचला गेला. ज्या खटल्यातून तो उगवला त्या खटल्याला मात्र अभ्यासकांनी बहुधा ‘निमित्त’ म्हणून दोन ओळींत वाटेला लावले. माझे म्हणणे असे की हे पुस्तक पुराव्याविषयीचे आहे. टाकलेल्या मेलेल्या बाळाच्या तपासात कोणता प्रश्न विचारला जातो आणि कोणता विचारला जात नाही, याविषयीचे आहे. हे म्हणणे पटवायचे तर आधी ताराबाईंना बाजूला ठेवून शवागारात जावे लागेल.

नवजात अर्भकाच्या शवविच्छेदनात डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न असतो तो जिवंत जन्माचा. त्याचे सर्वांत जुने उत्तर पाण्यात शोधले गेले. श्वास न घेतलेले फुप्फुस घट्ट, गडद, यकृतासारखे असते. पहिल्या श्वासांनी ते फुलते, गुलाबी आणि स्पंजासारखे होते, हृदयाच्या कडा झाकू लागते. त्याचे विशिष्ट गुरुत्व १.०४–१.०५ च्या घरातून सुमारे ०.९४ पर्यंत उतरते. म्हणजे ते पाण्यावर तरंगते. हृदय आणि थायमससकट फुप्फुसे पाण्यात सोडायची, मग सुटी करून सोडायची, मग तुकडे करून, मग तुकडे दाबून पुन्हा सोडायचे, अशी ही जलपरीक्षा. जर्मनीतल्या त्साइट्स गावचे वैद्य योहान श्रायर यांनी १६८१ साली ती एका खटल्यात प्रथम वापरली असे मानले जाते. बाळ मारल्याचा आरोप पंधरा वर्षांच्या एका शेतकरी मुलीवर होता. फुप्फुस बुडाले आणि मुलगी सुटली. पुढे शतकानुशतके बायांना फासापर्यंत नेणारी ही परीक्षा जन्माला आली ती बचावाची साक्ष म्हणून, हे न्यायवैद्यकाच्या वर्गात क्वचितच सांगितले जाते.

परीक्षेच्या मर्यादा पाठ्यपुस्तकांतच लिहिलेल्या आहेत. कुजण्याने निर्माण होणाऱ्या वायूनेही फुप्फुस तरंगते. निपचित बाळाच्या तोंडात कोणी फुंकर घातली असेल तरी तरंगते, आणि एकट्या बाळंतिणीने तसे केलेच नसेल असे धरून चालता येत नाही. उलट अशक्त किंवा अपुऱ्या दिवसांचे मूल काही काळ जगूनही त्याची फुप्फुसे पुरती न फुलल्यामुळे बुडू शकतात. डॉक्टर म्हणून आणखी खुणा शोधतात. जठरात हवा किंवा दूध आहे का? नाळेच्या बुंध्याशी लालसर कडे दिसते का? ते दिसायला दीड-दोन दिवस लागतात. नाळ धारदार शस्त्राने कापली की तुटली, बांधली होती की नव्हती? मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी अस्थिकेंद्र तयार झाले आहे का, म्हणजे मूल पूर्ण दिवसांचे आहे का? ब्रेस्लाऊची परीक्षा, व्रेडिनची परीक्षा, प्लुके यांचे वजनाचे प्रमाण ही सगळी नावे विद्यार्थी पाठ करतात, आणि सगळ्यांचा रोख एकाच गोष्टीकडे असतो: त्या जिवाने हवा आत घेतली का.

घेतली, असे समजू. त्यातून काय सिद्ध झाले? मूल काही क्षण जगले, एवढेच. मारले गेले हे त्यातून निघत नाही. इथेच टाकलेल्या बाळाचा मृत्यू न्यायवैद्यकाला सर्वांत अवघड जातो. गळ्यावर बोटांच्या खुणा असतील, कवटी फुटलेली असेल, तर शरीर बोलते. पण ओले, उघडे नवजात बाळ वजनाच्या मानाने फार मोठ्या त्वचेतून उष्णता गमावते, आणि गारठून मेल्याची अशी खास खूण शरीरावर राहत नाही. मऊ कापडाने गुदमरल्याची राहीलच असे नाही. न बांधलेल्या नाळेतून रक्त जाऊन, उभ्याने झालेल्या वेगवान बाळंतपणात फरशीवर पडून, गर्भाच्या आवरणाने किंवा रक्ताने नाकतोंड बंद होऊनही मूल जाते. शिवाय अंधारात एकटीच बाळंत होणारी बाई त्या वेळी शुद्धीवर असतेच असे नाही. त्यात आपल्या हवामानात दोन दिवसांत मृतदेह कसा होतो आणि कुत्री, मुंग्या काय शिल्लक ठेवतात, हे ग्रामीण रुग्णालयातल्या कोणाही वैद्यकीय अधिकाऱ्याला माहीत आहे. प्रामाणिक अहवालात बऱ्याचदा मृत्यूचे कारण निश्चित सांगता येत नाही असेच लिहावे लागते. असा अहवाल बातमी होत नाही.

हे सगळे अठराव्या शतकातच एका माणसाने स्वच्छ लिहून ठेवले होते. लंडनचे प्रख्यात शरीरशास्त्रज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ विल्यम हंटर यांचा अनौरस बालकांच्या हत्येच्या खुणा किती अनिश्चित असतात यावरचा लेख त्यांच्या मृत्यूनंतर १७८४ साली छापला गेला. फुप्फुस तरंगले म्हणजे खून झाला, ही उडी त्यांनी अमान्य केली. पण त्या लेखाचा खरा धक्का शरीरशास्त्रात नाही. खरा गुन्हेगार बहुधा मुलाचा बाप असतो आणि आई फसवली गेलेली, असे हंटर यांनी वैद्यकीय मंडळासमोर मांडायच्या लेखात बिनदिक्कत लिहिले. पाण्याच्या परीक्षेबद्दल बोलता बोलता ते बापाबद्दल बोलू लागतात, आणि मला तो विषयांतराचा दोष वाटत नाही. एका पुराव्याच्या अपुरेपणातून दुसऱ्या, न शोधलेल्या पुराव्याकडे त्यांची नजर गेली.

हंटर हे लिहीत होते तेव्हा इंग्लंडात १६२४ चा कायदा लागू होता. अविवाहित स्त्रीने मुलाचा मृत्यू लपवला, तर मूल मृतच जन्मले हे साक्षीदाराने सिद्ध करण्याचा भार तिच्यावर. नाहीतर ती खुनी. तो १८०३ मध्ये रद्द झाला. इंग्रजी कादंबरीवर मात्र या प्रकारच्या कायद्याची सावली पुढेही राहिली. वॉल्टर स्कॉटच्या ‘द हार्ट ऑफ मिडलोथियन’मध्ये (१८१८) स्कॉटलंडमधल्या तशाच कायद्याखाली एफी डीन्सला मृत्युदंड होतो आणि बाळाचा मृतदेह सापडलेलाच नसतो, पुढे कळते की मूल जिवंत होते. जॉर्ज एलियटच्या ‘ॲडम बीड’मध्ये (१८५९) हेटी सॉरेल बाळाला रानात टाकते, पकडली जाते, दोषी ठरते. शेवटच्या क्षणी घोडा दौडवत शिक्षामाफीचा कागद घेऊन येतो तो आर्थर, त्या बाळाचा बाप. एलियटसारख्या कठोर नैतिक दृष्टीच्या लेखिकेनेही बापाला कथानकात जी जागा दिली ती तारणहाराची. फाशी टळून हेटी काळ्या पाण्यावर जाते. आर्थर शरमिंदा होऊन सैन्यात जातो, आजारी होऊन परततो आणि आपल्या माणसांत राहतो. कादंबरी थोर आहे, पण या एका वळणावर ती कायद्यापेक्षा पुढे गेलेली नाही.

भारतात १८६० ची दंडसंहिता आली तेव्हा या बाबतीत एक उल्लेखनीय गोष्ट घडली. इंग्लंडमध्ये मूल आईच्या शरीरातून पूर्ण बाहेर आले होते का, यावर खटले अडत. भारतीय संहितेच्या कलम २९९ च्या तिसऱ्या स्पष्टीकरणाने सांगितले की मुलाचा कोणताही भाग बाहेर आला असेल, तर त्याने श्वास घेतलेला नसला किंवा ते पूर्ण जन्मलेले नसले तरी त्याला मारणे सदोष मनुष्यवध ठरू शकते. कायद्याने श्वासाची अट काढली. तरीही नॉर्मन चेव्हर्स यांच्या १८५६ च्या ग्रंथापासून मुंबईत सरकारी रासायनिक विश्लेषक असलेल्या लायन यांच्या पाठ्यपुस्तकापर्यंत, आणि जयसिंग मोदींच्या १९२० च्या पुस्तकापासून त्याच्या आजवरच्या आवृत्त्यांपर्यंत, प्रकरणाच्या मध्यभागी फुप्फुसच आहे. हे समजण्यासारखे आहे. श्वास ही मोजता येणारी गोष्ट आहे, बाकीच्या मोजता येत नाहीत, आणि जे मोजता येते त्याभोवती तपास गोळा होतो.

दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. बारा वर्षांखालील मुलाला कायमचे टाकून देण्याचा गुन्हा सांगणारे कलम ३१७, आजच्या भारतीय न्याय संहितेतले कलम ९३, ‘पिता किंवा माता’ असे म्हणते, आणि पित्याला आधी ठेवते. मूल मेल्यास खुनाचाही खटला चालवता येईल, असे त्याचे स्पष्टीकरण सांगते. मृतदेह गुपचूप नाहीसा करून जन्म लपवण्याचे कलम ३१८, आता ९४, तर ‘जो कोणी’ असे म्हणते. कलमांच्या मजकुरात ‘अज्ञात माता’ नावाची व्यक्ती कोठेही नाही. ती पंचनामा, फिर्याद आणि बातमी यांच्या गद्याने निर्माण केली. ज्या बापाला जन्माची खबरच नाही त्याने मुलाला ‘टाकले’ असे म्हणता येणार नाही, हे खरे. पण त्याला खबर होती का, नाकारून निघून गेला का, औषध त्यानेच आणून दिले का, गाठोडे कोणी नेले, हे विचारल्याशिवाय कळायचे कसे?

आता सुरतेला जाऊ. १८८१ साली मुंबई इलाख्यातल्या सुरतेच्या सत्र न्यायालयाने विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला आपले अनौरस मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा सुनावली. अपिलानंतर ती जन्मठेपेवर आली आणि नंतर आणखी कमी झाली. शिक्षेच्या कठोरपणावर वर्तमानपत्रांत वाद पेटला. इंग्रजी पत्रांतून विधवांच्या स्थितीची चर्चा झाली. काही देशी पत्रांनी, विशेषतः ‘पुणे वैभव’ने, स्त्रियांच्या बिघडत्या चालीवर तोंडसुख घेतले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी लेखणी उचलली ती या गद्याविरुद्ध. पुस्तक पुण्यात छापले गेले, त्यावर टीका झाली, जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, आणि मग ते विस्मरणात गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. रोझलिंड ओ’हॅन्लन यांच्या १९९४ च्या इंग्रजी भाषांतराने ते मराठीबाहेर पोहोचले.

निबंधाच्या पूर्ण शीर्षकातच प्रश्न आहे: स्त्री आणि पुरुष यांत ‘साहसी’ कोण? आज साहस म्हटले की गिर्यारोहण आठवते. धर्मशास्त्रातल्या अठरा व्यवहारपदांत ‘साहस’ हे एक स्वतंत्र पद आहे. बळाने, उघडपणे केलेला हिंसक गुन्हा असा त्याचा अर्थ. म्हणजे ताराबाई शीर्षकातच फौजदारी शब्द वापरतात आणि विचारतात की या गुन्ह्याचा आरोपी कोण. ‘तुलना’ हा शब्दही तसाच. तुला म्हणजे तराजू, आणि तुला हे जुन्या न्यायव्यवस्थेतले एक दिव्यही होते. एका पारड्यात आरोपी बसे. ताराबाईंनी दुसऱ्या पारड्यातही माणूस बसवला. स्त्रियांवर घातले जाणारे एकेक दोष त्या उचलतात आणि प्रत्येकाला पुरुषाच्या बाजूने ताडून पाहतात. अभ्यासकांना ही रचना पुनरुक्तीची, कधी कंटाळवाणी वाटली आहे. ती उलटतपासणी म्हणून वाचली तर कंटाळवाणी वाटत नाही. उलटतपासणीत प्रत्येक आरोप स्वतंत्रपणे घ्यावाच लागतो.

ताराबाईंनी हंटर वाचला असण्याचे काही कारण नाही. दोघांमध्ये शतकाचे आणि सात समुद्रांचे अंतर. तरी दोघांचे बोट एकाच रिकाम्या जागेकडे जाते: विधवा ज्या अवस्थेला पोहोचते तिथे ती एकटी पोहोचत नाही. हंटर हे दयेने म्हणतात, ताराबाई रागाने. पुरावा म्हणून रागाचे मोल अधिक, कारण दया आरोपीला अबला करून सोडवते. १९२२ आणि १९३८ च्या इंग्रजी बालहत्या कायद्यांनी नेमके तेच केले: बाळंतपणाने आईच्या मनाचा तोल ढळला असे धरून गुन्हा सौम्य केला. असा वेगळा कायदा भारताने केला नाही, आणि आईला सरसकट रुग्ण ठरवणारा कायदा नसणे हे निव्वळ मागासपण आहे असे मला वाटत नाही. मात्र त्यामुळे आपल्याकडे नवजात बाळाच्या मृत्यूचा आरोप थेट खुनाच्या कलमावर जाऊन बसतो.

ताराबाईंची बाजू अशी मांडल्यावर त्यांच्या निबंधातली एक उणीवही सांगायला हवी. त्यात मेलेल्या बाळाला जवळजवळ जागाच नाही. बाईवरचा आरोप परतवण्याच्या भरात जो जीव गेला तो निबंधातून निसटतो. शवागारातल्या टेबलावर मात्र तोच एक असतो.

तपासाच्या साधनांत गेल्या चाळीस वर्षांत मोठा फरक पडला तो डीएनए चाचणीने. मृत अर्भकाच्या ऊतीतून किंवा हाडातून मिळालेल्या प्रोफाइलमध्ये प्रत्येक ठिकाणी एक वाटा आईचा आणि एक बापाचा असतो. संशयित बाईचे रक्त घेऊन तिचे मातृत्व ठरवतात तेव्हा उरलेला अर्धा वाटा बापाचा म्हणून त्याच कागदावर उघडा पडलेला असतो. हंटर आणि ताराबाई ज्याचा अंदाज बांधत होते तो आता आकड्यांत लिहिलेला मिळतो. तो वाचायचा की नाही हे मात्र तपास अधिकाऱ्याने कोणता प्रश्न पाठवला यावर ठरते.

आणि कधी कधी पहिला, मातृत्वाचा प्रश्नही पाठवला जात नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका स्त्रीची जन्मठेप रद्द केली. तळ्यात एका अर्भकाचा मृतदेह सापडला होता; गावात एकटी राहणारी बाई म्हणून संशय तिच्यावर आला. सत्र न्यायालयाने दोषी ठरवले, उच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. सर्वोच्च न्यायालयाला दिसले की मूल टाकताना तिला कोणी पाहिले नव्हते आणि त्या मुलाचे तिच्याशी नाते सिद्ध करणारा पुरावाच नव्हता. असा पुरावा नसताना एका स्त्रीवर बालहत्येचा दोष ठेवणे म्हणजे समाजातले ठरीव स्त्रीचित्रच पक्के करणे, असा न्यायालयाचा अभिप्राय आहे. निकालाची भाषा संयत, पण तो वाचताना ‘पुणे वैभव’ आठवते. दरम्यान बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ ने असेही मान्य केले आहे की परिस्थिती हाताबाहेरची असल्यामुळे जन्मदात्यांनी मूल सोडले असेल, तर ते जाणूनबुजून टाकले असे धरू नये. ‘अज्ञात माता’ लिहिणाऱ्या हाताला ही तरतूद माहीत असते का, अशी शंका येते.

ताराबाईंच्या निबंधात नसलेले बाळ त्याच काळातल्या एका टिपणात आहे. १८८४ च्या डिसेंबरात बेहरामजी मलबारींच्या सक्तीच्या वैधव्यावरील टिपणांना अभिप्राय देताना जोतीराव फुल्यांनी पुण्यातल्या काशीबाईची हकीकत सांगितली. सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला असलेली तरुण ब्राह्मण विधवा, शेजारचा एक धूर्त शास्त्री तिच्या मागे लागतो, दिवस राहतात, औषधे लागू पडत नाहीत, मुलगा होतो, ती त्याला सुरीने मारून घरामागच्या विहिरीत टाकते. दोन दिवसांनी तिला अटक होते, खटला चालतो, ती काळ्या पाण्यावर जाते. फुल्यांच्या कथनात शास्त्री पहिल्या काही वाक्यांतच येतो आणि गुन्ह्याची सुरुवात तिथून होते. न्यायालयाच्या कथनाची सुरुवात विहिरीपासून झाली. फुल्यांनी आपल्या घराच्या आवारात गरोदर विधवांसाठी जे गृह काढले आणि ज्याचे साल १८६३ सांगतात, त्याचा हेतू त्यांनी याच हकिगतीला जोडला आहे. येणाऱ्या बाईने गुप्तपणे बाळंत व्हावे. मूल न्यावे किंवा ठेवावे ही तिची मर्जी.

त्याच टिपणात फुल्यांनी हिशेबही दिला आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तो सहसा संस्थेच्या यशाचा आकडा म्हणून येतो, आणि तोही अर्धाच. तोवर पस्तीस गरोदर विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांपैकी पाच मुले हयात होती. बाकीची तीस गेली. आणि त्याचे कारण फुले असे नोंदवतात की गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी पोटातच त्यांना इजा झाली होती.

पाण्यात सोडली असती तर त्यातल्या पुष्कळांची फुप्फुसे तरंगली असती.